भार सारखा करण्याच्या घाईविषयी

शिरपूरकडच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतून मोडीत निघालेले आठ संगणक मिळवले, त्यांवर लिनक्स बसवले, ते एका नेटवर्क स्विचला जोडले आणि ‘वितरित ऑपरेटिंग सिस्टिममधील अनुकूली संसाधन-व्यवस्थापन’ या विषयावर, म्हणजे अनेक संगणक एकच असल्यासारखे चालवताना भार पाहून कामे हलवण्यावर, अंतिम वर्षाचा प्रकल्प सुरू केला. त्यांचा व्यवस्थापक-प्रोग्राम दर सेकंदाला आठही यंत्रांचा लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, वाचतो, सर्वांत जास्त भार असलेल्या यंत्रावरील एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, क्रिऊ या साधनाने गोठवतो आणि सर्वांत कमी भार असलेल्या यंत्रावर नेऊन पुन्हा चालू करतो. कामे लवकर उरकतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात, कामे सुरुवातीला क्रमाने वाटून दिली आणि नंतर त्यांना हातच लावला नाही, तर ती अधिक लवकर संपतात. आमचा अल्गोरिदम कमी पडतो आहे का, आणि पुढच्या भाराचा अंदाज बांधण्यासाठी मशीन लर्निंग घालावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी भुसावळात राहतो आणि गेली दोन दशके इतरांचे सर्व्हर सांभाळण्याचेच काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या अल्गोरिदममध्ये मूर्खपणाचे काही नाही. ‘जास्त असेल तिथून काढा, कमी असेल तिथे घाला’ हे सूत्र बरोबरच आहे. अडचण एवढीच आहे की तुमच्या व्यवस्थापकाचे हात त्याच्या डोळ्यांपेक्षा वेगाने चालतात. जी माहिती मिनिटभराने खरी होते, तिच्यावर तो दर सेकंदाला निर्णय घेतो, आणि आपल्या मागच्या निर्णयाचा परिणाम दिसण्याआधीच पुढचा निर्णय घेऊन मोकळा होतो. असा व्यवस्थापक जितका हुशार कराल तितका तो अधिक आत्मविश्वासाने चुकेल, म्हणून मशीन लर्निंगचा विचार सध्या बाजूला ठेवा. त्याविषयी शेवटाकडे लिहितो.

आधी लोड ॲव्हरेज म्हणजे काय ते नीट पाहू, कारण तुमच्या प्रयोगाचा निम्मा गोंधळ या एका आकड्यात आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हा आकडा साधारण दर पाच सेकंदांनी काढतो, आणि तोही त्या क्षणाची मोजणी म्हणून नव्हे, तर जुन्या आकड्यात नव्या मोजणीचा थोडा अंश मिसळून. एका मिनिटाच्या आकड्यातही जुन्या परिस्थितीची छाया बराच वेळ रेंगाळते. समजा, एका यंत्रावर बराच वेळ आठ प्रोसेस चालू होत्या आणि तुम्ही त्यांतल्या चार एकदम हलवल्या. पाच सेकंदांनी लोड ॲव्हरेज सुमारे 7.68 दिसेल आणि पूर्ण मिनिटानंतरही सुमारे 5.47 दिसेल, जरी प्रत्यक्ष भार पहिल्या क्षणापासून चारच असला तरी. तुमचा व्यवस्थापक दरम्यानच्या साठ सेकंदांत साठ वेळा तो आकडा वाचतो, ‘अजून भार आहेच’ असे समजतो आणि आणखी प्रोसेस काढत राहतो. ज्या यंत्रावर त्या जातात, त्याचा आकडाही तितक्याच सावकाश चढतो, म्हणून ते रिकामेच वाटत राहते. मिनिटाभराने खरे चित्र दिसू लागते तेव्हा भरलेले यंत्र रिकामे आणि रिकामे यंत्र भरलेले असते, आणि सगळा प्रकार उलट दिशेने सुरू होतो. तुमच्या नोंदींत एकच प्रोसेस तिसऱ्या आणि सहाव्या यंत्रांमध्ये पुन्हापुन्हा ये-जा करताना आढळेल असे मला वाटते, तपासून पाहा.

या आकड्याचा आणखी एक दोष असा की लिनक्समध्ये त्यात फक्त सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस मोजल्या जात नाहीत, तर डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइलसाठी अडकलेल्या, म्हणजे मध्येच न उठवता येणाऱ्या प्रोसेसही मोजल्या जातात. तुम्ही आठही यंत्रांची होम डिरेक्टरी एकाच एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून फाइल पुरवणाऱ्या यंत्रावर) ठेवली असेल, आणि विद्यार्थी बहुधा तसेच करतात, तर तो सर्व्हर मंदावताच सगळीकडचा लोड चढेल आणि सीपीयू मात्र मोकळे बसलेले असतील. अशा वेळी प्रोसेस इकडून तिकडे नेण्याने काहीच साधत नाही, उलट तिची गोठवलेली प्रत त्याच मंद सर्व्हरवर लिहिली जाते.

म्हणून मोजमाप बदला. लिनक्सच्या 4.20 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 च्या अखेरीपासून, कर्नलमध्ये ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ नावाची सोय आहे. सीपीयू, मेमरी आणि इनपुट-आउटपुट या तिन्हींसाठी ती स्वतंत्रपणे सांगते की गेल्या दहा सेकंदांत, मिनिटात आणि पाच मिनिटांत कामे किती टक्के वेळ त्या संसाधनावाचून खोळंबली. संसाधन किती वापरले जात आहे यापेक्षा त्याच्यावाचून काम किती अडले हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, कारण नव्वद टक्के वापरलेला सीपीयू कोणालाही ताटकळत ठेवत नसेल तर तो आजारी नाही, तो कामाचा आहे.

टक्केवारीवर विश्वास न ठेवण्याचे दुसरे कारण मला आपल्याकडच्या उन्हाळ्याने शिकवले. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो, आणि एअर कंडिशनर बंद पडलेल्या किंवा मुळातच नसलेल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेले यंत्र दुपारी तीनला स्वतःची घड्याळगती कमी करते, नाहीतर प्रोसेसर जळेल. त्या वेळी दोन यंत्रे सत्तर टक्के वापर दाखवतात, पण एकाचे सत्तर टक्के दुसऱ्याच्या सत्तर टक्क्यांएवढे काम करत नाहीत. एका उन्हाळ्यात मी आठवडाभर एका प्रोग्राममधला दोष शोधत होतो; कामे फक्त दुपारी रेंगाळत आणि रात्री सुरळीत चालत. दोष खिडकीत होता. तेव्हापासून मी प्रत्येक नोडच्या, म्हणजे समूहातल्या प्रत्येक यंत्राच्या, क्षमतेचा आकडा यंत्राच्या माहितीपत्रकावरून घेत नाही, तर गेल्या काही मिनिटांत त्याने प्रत्यक्ष किती कामे पूर्ण केली यावरून काढतो. जुन्या, वेगवेगळ्या वयाच्या आठ संगणकांवर तुम्हालाही हेच करावे लागेल, कारण ते कागदावर सारखे असले तरी वस्तुतः सारखे नाहीत.

आता निर्णयाकडे वळू. कापूस खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या कोणालाही हा प्रसंग नवीन नाही: अमुक केंद्रावर आज रांग नाही असा निरोप मोबाइलवर फिरतो आणि तासाभरात तिथे पन्नास ट्रॅक्टर उभे राहतात, तर ज्या केंद्रावरून ते निघाले तिथे काटा रिकामा बसलेला असतो. सर्वांना एकच शिळी बातमी मिळाली आणि सर्वांनी त्यावर शहाणपणाने तोच निर्णय घेतला, तर फळ शहाणपणाचे मिळत नाही. वितरित प्रणालीत ‘सर्वांत मोकळा नोड निवडा’ या नियमाचे असेच होते. यावरचा उपाय चकित करण्याइतका साधा आहे. आठही यंत्रांतील सर्वोत्तम यंत्र शोधू नका. कोणतीही दोन यंत्रे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडा आणि त्या दोघांत ज्याची रांग लहान त्याला काम द्या. अझार, ब्रॉडर, कार्लिन आणि उपफाल यांनी 1994 मध्ये दाखवले की एवढ्याने कमाल भार फार मोठ्या प्रमाणात घटतो: एकच नोड यादृच्छिक निवडला तर नोडच्या संख्येबरोबर कमाल रांग जवळपास लॉगरिदमच्या वेगाने वाढते, दोनांतून निवडला तर लॉगरिदमच्या लॉगरिदमच्या वेगाने. मिट्झेनमाकर यांनी 1996 च्या प्रबंधात आणि नंतरच्या कामात हा विचार पुढे नेला, आणि त्यातला तुमच्या कामाचा भाग असा की माहिती शिळी असेल तर ‘सर्वांत मोकळा’ शोधणारा नियम निव्वळ चिठ्ठीपेक्षाही वाईट ठरू शकतो, तर ‘दोनांतून एक’ हा नियम तग धरतो.

यापूर्वीही, 1986 मध्ये, ईगर, लाझोव्स्का आणि झाहोर्जान यांनी हाच धडा दुसऱ्या वाटेने दिला होता. आपली रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की एखादे यंत्र सहज निवडायचे, त्याची रांग मर्यादेखाली आहे का विचारायचे, नसेल तर दुसरे विचारायचे आणि थोड्याच प्रयत्नांनंतर काम आपल्याकडेच ठेवायचे. एवढ्या अल्प माहितीवर चालणाऱ्या धोरणाने मिळणारा फायदा संपूर्ण माहिती गोळा करणाऱ्या धोरणाच्या जवळपास जातो, असे त्यांनी दाखवले. त्यांच्याच दुसऱ्या निबंधात हेही आहे की भार हलका ते मध्यम असताना भरलेल्या यंत्राने मोकळे यंत्र शोधावे आणि भार जड असताना मोकळ्या यंत्राने भरलेले यंत्र शोधावे. कारण उघड आहे: सगळेच भरलेले असताना भरलेल्यांनी मोकळ्याचा शोध घेणे म्हणजे वैतागात आणखी भर. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या मॉसिक्स प्रणालीतही कोणत्याच यंत्राकडे सगळ्या समूहाचे संपूर्ण चित्र नसते. प्रत्येक यंत्र आपली ताजी माहिती यादृच्छिकपणे निवडलेल्या काही यंत्रांना अधूनमधून कळवते, आणि तेवढ्यावर काम चालते.

यानंतर, कोणती प्रोसेस हलवायची हा प्रश्न. तुम्ही सर्वांत नवी प्रोसेस हलवता, कारण तिची मेमरी अजून लहान असते. हा हिशेब अर्धाच आहे. हारकोल-बॉल्टर आणि डाउनी यांनी 1996 मध्ये युनिक्स यंत्रांवरील प्रोसेसच्या आयुष्याची मोजणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष ढोबळमानाने असा की एक सेकंदाहून जास्त सीपीयू वापरलेली प्रोसेस आणखी तितकाच वेळ जगण्याची शक्यता निम्मी असते: दोन सेकंद चाललेली चारपर्यंत पोहोचण्याची शक्यता निम्मी, दहा मिनिटे चाललेली वीसपर्यंत पोहोचण्याचीही निम्मीच. माणसाच्या आयुष्याच्या हे अगदी उलट आहे. वय जितके जास्त तितके उरलेले आयुष्यही जास्त. त्यामुळे नुकतीच जन्मलेली प्रोसेस हलवण्यात अर्थ नसतो, ती बहुधा वाटेतच संपली असती. जिने बराच काळ सीपीयू खाल्ला आहे तीच पुढेही खाणार, आणि तिच्याच स्थलांतराचा खर्च भरून निघतो. तो खर्चही कागदावर मांडा. एक गिगाबाइट मेमरी असलेली प्रोसेस शंभर मेगाबिटच्या जुन्या स्विचवरून न्यायला निव्वळ वाहतुकीलाच ऐंशी सेकंदांहून अधिक लागतात. गिगाबिट स्विच असेल तर आठांहून थोडे अधिक. गोठवण्याचा आणि पुन्हा उठवण्याचा वेळ वेगळा. म्हणून मर्यादा अशी ठेवा की प्रोसेसने आजवर वापरलेला सीपीयूचा वेळ तिच्या वाहतुकीच्या वेळेहून स्पष्टपणे जास्त असेल तरच तिला हात लावायचा. हा एक नियम घातल्यावर तुमची बहुतेक स्थलांतरे आपोआप थांबतील.

जुन्या वितरित ऑपरेटिंग सिस्टिम रचणाऱ्यांना ही किंमत चांगलीच ठाऊक होती. बर्कलीच्या स्प्राइटमध्ये प्रोसेस चालू असताना हलवता येई, पण बहुतेक वेळा ती नवा प्रोग्राम सुरू होण्याच्या क्षणीच दुसऱ्या यंत्रावर पाठवली जाई, कारण त्या क्षणी वाहून न्यायला जुनी मेमरीच नसते. चालू प्रोसेस हलवण्याची वेळ मुख्यतः येई ती ज्याच्या रिकाम्या संगणकावर ती पाहुणी म्हणून गेली तो मालक परत आल्यावर, कारण त्याचा संगणक त्याला मोकळा करून देणे भाग असे. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात टॅनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या अमीबाने वेगळाच मार्ग घेतला: लोकांपुढे फक्त टर्मिनल, आणि सगळे प्रोसेसर एका सामाईक साठ्यात, काम आले की साठ्यातून प्रोसेसर द्यायचे आणि संपले की परत घ्यायचे. आज ‘वितरित ऑपरेटिंग सिस्टिम’ या नावाची वस्तू सहसा कोणी विकत घेत नाही. तिची कामे लिनक्सच्या कर्नलमध्ये, त्यातील सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटाला संसाधनांची मर्यादा घालणाऱ्या सोयीत) आणि वर बसलेल्या, अनेक यंत्रांवर प्रोग्राम वाटणाऱ्या क्युबरनेटीससारख्या व्यवस्थेत विखुरली आहेत, परंतु प्रश्न तेच आहेत आणि उत्तरेही बरीचशी तीच.

अनुकूलनाचा खरा कस लागतो तो मात्र परतीच्या इशाऱ्याची (फीडबॅकची) दिशा ओळखण्यात, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी थ्रॅशिंगचे कारण उलगडून सांगितले. एकाच यंत्राच्या मेमरीत खूप प्रोग्राम कोंबले की प्रत्येकाला लागणारी पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवरून आणावी लागतात, सगळे डिस्कच्या रांगेत उभे राहतात आणि सीपीयू रिकामा पडतो. शेड्युलर, म्हणजे कामांना सीपीयूची पाळी देणारा भाग, सीपीयू रिकामा पाहतो, कामच नाही असे समजतो आणि आणखी प्रोग्राम आत घेतो. मेमरी अधिकच कमी पडते, सीपीयू अधिकच रिकामा पडतो. शेड्युलर आपल्या मापाप्रमाणे अगदी योग्य वागत असतो; माप चुकीचे असल्याने औषधच विष होते. डेनिंग यांचा उपाय असा होता की प्रत्येक प्रोग्रामचा ‘वर्किंग सेट’, म्हणजे नजीकच्या काळात त्याला प्रत्यक्ष लागलेली पाने, मेमरीत मावत असेल तरच त्याला आत घ्यायचे. तुमच्या प्रणालीत मी हीच चूक दुसऱ्या रूपात पाहतो. ज्या यंत्राची मेमरी भरून ते स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जादा जागेत, गेले आहे, त्याचा सीपीयू मोकळा दिसतो. उद्या तुम्ही लोड ॲव्हरेज सोडून सीपीयूच्या टक्केवारीकडे वळलात तर तुमचा व्यवस्थापक नेमके त्याच गुदमरलेल्या यंत्रावर नवे काम पाठवील.

इंटरनेटनेही हा अनुभव घेतला आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील, जेमतेम चारशे यार्ड अंतरावरील जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला 32 किलोबिटवरून 40 बिटवर आला, कारण पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले की प्रत्येक यंत्र ते पुन्हा पाठवत होते आणि त्यामुळे आणखी पॅकेट हरवत होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये टीसीपी या इंटरनेटवरील वाहतुकीच्या नियमावलीसाठी सुचवलेल्या उपायाचे सार असे की गर्दीची चाहूल लागताच वेग झटक्याने कमी करावा आणि मोकळीक मिळाली तर तो सावकाश, थोडाथोडा वाढवावा. चिऊ आणि जैन यांनी 1989 मध्ये गणिताने दाखवले की वाढ बेरजेने आणि घट गुणाकाराने केली तर अनेक स्पर्धक आपसांत न बोलताही न्याय्य वाटणीकडे सरकतात. केंद्रात व्यवस्थापक न ठेवता वाटप करायचे झाले तर यापेक्षा चांगला आरंभबिंदू मला माहीत नाही.

क्युबरनेटीसमधील प्रोग्रामच्या प्रती आपोआप वाढवण्या-घटवण्याची सोय पाहिली तर तिथेही असाच संयम रचनेत बसवलेला आढळतो. तिच्या मूळ सेटिंगमध्ये ती दर पंधरा सेकंदांनी मोजमाप पाहते, अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर काहीच करत नाही, आणि प्रती कमी करण्यापूर्वी गेल्या पाच मिनिटांतील सर्वांत मोठी शिफारस विचारात घेते. म्हणजे वाढवायला तत्पर, घटवायला संथ. तुमच्या व्यवस्थापकालाही असा निष्क्रिय पट्टा हवा: हलवण्यास सुरुवात करण्याची मर्यादा आणि थांबण्याची मर्यादा एकच नसावी, त्यांत अंतर असावे, आणि एकदा हलवलेल्या प्रोसेसला निदान काही मिनिटे पुन्हा हात लावू नये. किती मिनिटे, हे तुमच्या मोजमापाच्या आळसावर ठरवा. आकडा खरा व्हायला एक मिनिट लागत असेल तर दोन मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका.

भार किती असावा याविषयी एक धोक्याची सूचना. यादृच्छिक येणाऱ्या कामांच्या सर्वांत साध्या रांगेत, सरासरी प्रतिसादाचा वेळ पन्नास टक्के वापराला मूळ वेळेच्या दुप्पट, ऐंशीला पाचपट, नव्वदला दहापट आणि पंच्याण्णवला वीसपट होतो. सगळी यंत्रे पंच्याण्णव टक्क्यांवर सारखी आणून ठेवणे हे यश नव्हे.

आणि सगळी संसाधने सारखी वाटायची नसतात, हे आपल्या भागातील माणसाला फड पद्धतीवरून अधिक चांगले समजावे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी बंधाऱ्यावरून पाट काढून शेकडो वर्षे चाललेल्या या व्यवस्थेत बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाटकरी पाणी फिरवी आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा व कोणता पड ठेवायचा हे गावकरी मिळून ठरवीत. साधारणपणे प्रत्येकाची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने एक फड बंद राहिला तरी तोटा एकट्या-दुकट्याच्या माथी येत नसे. टंचाईत चारही फडांना निम्मे निम्मे पाणी देऊन चारही पिके वाळवण्यापेक्षा दोन फड पुरते भिजवणे, हा यातला निर्णय. संगणकात सीपीयू पातळ वाटता येतो. दहा प्रोसेसना दहावा दहावा हिस्सा दिला तर दहाही सावकाश का होईना पुढे सरकतात. मेमरी अशी पातळ होत नाही. प्रोसेसला दोन गिगाबाइट हवेत आणि तुम्ही एकच दिला तर ती निम्म्या वेगाने चालत नाही, ती थ्रॅशिंगमध्ये सापडते किंवा कर्नल तिला मारतो. क्युबरनेटीसही हाच भेद करते: सीपीयूची मर्यादा ओलांडणाऱ्याला थोपवते, मेमरीची मर्यादा ओलांडणाऱ्याला संपवते. त्यामुळे मेमरीच्या बाबतीत तुमच्या व्यवस्थापकाला ‘आता नाही, रांगेत थांब’ असे म्हणता आले पाहिजे, आणि आज त्याला ते म्हणताच येत नाही. तो आलेले प्रत्येक काम आत घेतो आणि मग जागेसाठी धावाधाव करतो. फडाशी केलेली तुलना एका ठिकाणी तुटते, हेही सांगितले पाहिजे: हंगामाच्या आरंभी नदीकडे पाहून पाण्याचा अंदाज येतो, प्रोसेस मात्र आपल्याला किती मेमरी लागेल हे आधी सांगत नाही आणि सांगितले तर बहुधा फुगवून सांगते.

यानंतर बिघाडाविषयी, कारण अनुकूली प्रणाली सर्वांत वाईट वागते ती यंत्र पूर्ण बंद पडल्यावर नव्हे, तर ते मंदावल्यावर. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका संस्थेच्या बारा सर्व्हरच्या समूहावर मी काम करत असताना, बिघाड लवकर कळावा म्हणून हार्टबीटची, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ या नियमित निरोपाची, मुदत मीच कमी केली होती. महिनाअखेरीला व्याजाच्या हिशेबाचे काम सुरू झाले, एका नोडची मेमरी भरली, त्याचा हार्टबीट पाठवणारा प्रोग्रामही स्वॅपमध्ये गेला आणि निरोपाला उशीर होऊ लागला. व्यवस्थापकाने तो नोड मृत ठरवून त्याचे काम उरलेल्या अकरांना दिले. त्या जादा भाराने आणखी दोघांना उशीर झाला, त्यांचे काम नऊ जणांवर आले, आणि अर्ध्या तासात निम्मा समूह मृत म्हणून नोंदला गेला, जरी बाराही यंत्रांचे पंखे फिरत होते. त्याहून वाईट म्हणजे मृत ठरवलेला पहिला नोड खरोखर मेलेला नसल्याने त्यानेही आपले काम पूर्ण केले, आणि काही खात्यांवर व्याज दोनदा जमा झाले. त्या नोंदी उलटवण्यात आमची पूर्ण रात्र गेली.

या एका प्रसंगातून मी तीन सवयी उचलल्या आणि त्या अजून सोडलेल्या नाहीत. हार्टबीटचा प्रोग्राम नेहमी, स्वॅपमध्ये जाणार नाही असा, मेमरीत बांधून आणि स्वतंत्र सीग्रुपमध्ये राखीव सीपीयूसह ठेवतो. काम देताना ते कायमचे देत नाही, तर ग्रे आणि चेरिटन यांनी 1989 मध्ये मांडलेल्या लीजच्या कल्पनेप्रमाणे ठरावीक मुदतीने देतो आणि सोबत वाढत जाणारा क्रमांक देतो. जुन्या क्रमांकाने आलेले उत्तर साठवणूक करणारा सर्व्हर स्वीकारतच नाही. आणि थोड्या वेळात खूप नोड मृत वाटू लागले तर नोडवर नव्हे, व्यवस्थापकावर संशय घेतो. क्युबरनेटीसमध्येही मूळ सेटिंगप्रमाणे एका विभागातील 55 टक्के नोड अस्वस्थ दिसले की कामे हटवण्याचा वेग कमी केला जातो, आणि समूह पन्नास नोडचा किंवा त्याहून लहान असेल तर हटवणे थांबवलेच जाते. आठ यंत्रांच्या समूहात तुम्ही ही मर्यादा दोन नोडवर ठेवा. आपल्याकडे वीज एका फेजवर गेली तरी तीन यंत्रे एकदम गप्प होतात, आणि अशा वेळी उरलेल्या पाचांवर आठांचे काम टाकणे हा काही उपाय नाही.

मशीन लर्निंगविषयी. अंदाज बांधणे उपयोगाचे असते, यात वाद नाही. गुगलने आपल्या ऑटोपायलट या प्रणालीविषयी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले आहे की माणसांनी हाताने ठरवलेल्या मर्यादांमध्ये मागितलेल्या पण न वापरलेल्या संसाधनाचे प्रमाण 46 टक्के होते, तर ऑटोपायलटने ठरवलेल्या मर्यादांमध्ये ते 23 टक्के होते. परंतु त्या प्रणालीतील एक प्रमुख पद्धत म्हणजे जुन्या मोजणीला उत्तरोत्तर कमी वजन देणारी सरासरी आणि शतमक, म्हणजे तुम्ही द्वितीय वर्षात शिकलेली संख्याशास्त्राची गोष्ट. शिवाय त्यांच्याकडे एकाच प्रकारची कामे पुन्हापुन्हा येतात, आणि अंदाजाला जोर त्या पुनरावृत्तीतून मिळतो. तुमच्याकडे आठ यंत्रे आहेत आणि प्रत्येक वेळी वेगळे काम आहे. तिथे शिकायला काही नाही. एखाद्या पतसंस्थेसाठी किंवा बाजार समितीसाठी ही व्यवस्था बसवाल तेव्हा पगाराचा दिवस, महिनाअखेर आणि सकाळी लिलावाची वेळ एवढे तक्त्यात लिहून ठेवले तरी बहुतेक अंदाज त्यातच येईल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे. सर्वप्रथम स्थलांतर पूर्ण बंद करा आणि फक्त नव्या कामाची जागा ‘दोनांतून एक’ या नियमाने ठरवा, भाराऐवजी चालू व थांबलेल्या कामांची प्रत्यक्ष संख्या मोजून; माझ्या अनुभवाने तुमच्या क्रमवार वाटपाला मागे टाकायला एवढेच पुरेसे असते, विशेषतः कामे लहानमोठी असतील तर. मग मेमरीची प्रवेश-मर्यादा घाला. त्यानंतरच, वयाची अट आणि निष्क्रिय पट्टा यांसह, स्थलांतर परत आणा, आणि एका वेळी समूहात एकच स्थलांतर चालू राहू द्या. प्रत्येक निर्णयाची एक ओळ फाइलमध्ये लिहा: कोणता आकडा पाहिला, तो किती जुना होता, काय केले, आणि दोन मिनिटांनी काय झाले. परीक्षकांना वेगाच्या आलेखापेक्षा ही फाइल अधिक सांगेल.

चाचणी घेताना मध्येच एका यंत्राची नेटवर्क केबल काढून दहा सेकंदांनी परत लावा. तीस सेकंदांनी लावा. आणि तिसऱ्या खेपेस केबल न काढता त्या यंत्रावर मेमरी खाणारा प्रोग्राम चालवून ते नुसते मंद करा. पहिल्या दोन चाचण्या तुमची प्रणाली बहुधा पार करील. तिसऱ्या चाचणीतील निर्णयांची फाइल मला पाठवा, कारण मला उत्सुकता तिचीच आहे.